काशीराम तांबे यांच्या नावची पावती

“माणूस कितीही मोठा होऊ दे, शेवटी त्याचा फोन इथेच येतो,” असं म्हणून हरिश्चंद्र नाचणकरांनी पाठ ताठ केली, पेनाचं टोपण काढलं आणि वाजणारा फोन दुसऱ्या घंटीच्या आत उचलला.

“काशीराम गोविंद तांबे?” पलीकडून एका मुलीने विचारलं. “सर, तुमचा सात तारखेचा हप्ता अजून आलेला नाही.”

सद्गती सेवा मंडळाच्या त्या टेबलावरून नाचणकर एकोणीस वर्षं जे विचारत आले होते, तेच त्यांनी विचारलं.

“घरी की सिव्हिलला?”

“काय घरी?”

“तांबे.”

“सर, ते मी तुम्हाला विचारतेय.”

“ही शववाहिकेची कचेरी आहे. रत्नागिरीची.”

मुलीच्या पाठीमागे तिच्यासारखेच वीसपंचवीस आवाज बोलत असल्याचं ऐकू येत होतं.

“सर, असं सगळेच सांगतात. परवा एकाने अग्निशमन दल म्हणून सांगितलं. हप्ता भरला नाही तर आम्हाला माणसं पाठवावी लागतील.”

“पाठवा. पण चार तरी पाठवा. मंडळ फक्त गाडी देतं. उचलायला माणसं ज्यांची त्यांनी आणायची.”

फोन बंद झाला. नाचणकर विनोद करत नव्हते. त्यांना तो येत नसे, आणि आला असता तरी त्या खुर्चीत बसून त्यांनी तो केला नसता.

मंडळाकडे एक गाडी होती, एक ड्रायव्हर होता आणि एक फोन होता. फोन जुना, तारेचा. कुठून आला ते दाखवायची त्याला सोय नव्हती. भिंतीवर संस्थापकांच्या फोटोखाली त्यांनीच घालून दिलेला नियम रंगवलेला होता : ‘दुसऱ्या घंटीच्या आत उचलावा. समोरच्यास थांबवू नये.’ नाचणकरांनी त्यात आपली एक भर घातली होती, ती मात्र कुठे लिहिलेली नव्हती. ‘काय झालं’ असं ते कधी विचारत नसत. पत्ता काय, जिना आहे का, गाडी दारापर्यंत येते की वर रस्त्यावरच थांबते, आणि थांबत असेल तर खाली घरापर्यंत उतरणारी पाखाडी किती पायऱ्यांची, एवढंच विचारत. फोन करणाऱ्याला तेवढ्या प्रश्नांची उत्तरं देता येतात, असा त्यांचा अनुभव होता.

ड्रायव्हर बाबल्या गाडीसारखाच भरवशाचा होता. एकच अडचण होती. आम्हा कोकणातल्या माणसांच्या तोंडी दर दोन वाक्यांमागे ‘मेल्या’ येतंच, आणि बाबल्याच्या तोंडी दर वाक्यामागे येई. कचेरीत आणि गाडीवर असताना तो शब्द त्याला बंद होता. त्यामुळे कामाच्या वेळात तो फारच कमी बोलत असे, आणि लोकांना तो गंभीर वृत्तीचा वाटे.

दुसऱ्या दिवशी काशीराम तांब्यांसाठी तीन फोन आले. त्या आठवड्याच्या अखेरीला दिवसाला पंधरा येऊ लागले. कधी ती मुलगी असे, कधी कोणी पुरुष. पुरुषांपैकी एकाला फक्त शिव्या देण्याचंच काम असावं. तो नाव विचारत नसे की हप्ता सांगत नसे. नाचणकर त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेत आणि “पत्ता सांगा” म्हणत. फोन ठेवून देणं, बाजूला काढून ठेवणं, वाजू देणं, यातलं काहीही त्यांना शक्य नव्हतं. प्रत्येक घंटीमागे कोणीतरी दारात उभं असेल, या हिशेबाने ती खुर्ची चालत होती. पोलीस चौकीत त्यांनी लेखी अर्ज दिला. अर्ज सुवाच्य असल्याचं तिथल्या हवालदाराने सांगितलं आणि तो ठेवून घेतला.

“तुमचं नाव काय?” एकदा नाचणकरांनी त्या मुलीला विचारलं.

“योगिनी. का सर?”

“काही नाही. रोजचं बोलणं आहे.”

“सर, मला पण बरं वाटत नाही हो. पण तुमचा नंबर त्यांनीच दिलाय. माझ्या यादीत तो लालमध्ये येतो. ते खरंच वारले असतील तर तुमची पावती असेल ना? तिचा फोटो पाठवा. मग नाव माझ्या यादीतून निघतं.”

“वारले असं मी म्हटलेलं नाही.”

“मग आहेत?”

“तेही मी म्हटलेलं नाही. मला माहीत नाही.”

“आमच्याकडे माहीत नाही असा रकाना नाहीये, सर,” योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरच दिलगिरी होती.

बाबल्या दारात बसून गाडीचा पुढचा आरसा पुसत होता. त्याने ऐकलं.

“फाडा की एक पावती,” तो म्हणाला. “शंभर पानांचं पुस्तक हाय. एक गेलं तर काय जातंय?”

“मंडळाच्या पुस्तकांत एकोणीस वर्षांत एकही जिवंत माणूस नाही.”

“आयशीनं तुमचं नाव हरिश्चंद्र ठेवलंन आणि भोगतोय आमी,” बाबल्या म्हणाला. पुढचा शब्द त्याने आरशावर फुंकर मारून गिळला.

पावतीची गोष्ट साधी नव्हती. ती घेऊन लोक पुढे कुठे कुठे जात : बँकेत, पेन्शनच्या खिडकीवर, रेशनकार्डावरचं नाव कमी करायला. डॉक्टरांचा दाखला वेगळा असे, पण खिडकीपलीकडचा माणूस मंडळाची पावती बघून आधी मान हलवी आणि मग दाखला मागे. नाचणकरांच्या हिरव्या शाईतल्या अक्षरात नाव आल्याशिवाय माणूस पुरता गेला असं आसपास कोणी धरत नसे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसरा अभिमान त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे हा ते जपून वापरत.

त्या सोमवारी सकाळी राजश्री भाटकर कचेरीत आल्या. शाळेत शिक्षिका होत्या, भाट्याला राहत. त्या बसल्या नाहीत. पर्समधून मंडळाचं कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“हा नंबर बदललाय का तुमचा?”

“नाही. हाच आहे.”

“काल अकरा वाजल्यापासून लावत होते. पाऊण तास. एंगेज होता.”

नाचणकरांना रविवारची सकाळ आठवली. अकरा ते पावणेबारा. नऊ फोन आले होते, एकामागून एक.

“मग?”

“शेजारी मासळीचा टेम्पो असतो. त्यांनी धुऊन दिला चांगला. त्यांची काही चूक नाही.” त्या कार्डाकडे बघत होत्या. “खाली बर्फाचं पाणी राहिलं होतं. चादर घातली होती आम्ही. आईला थंडी सोसायची नाही.”

नाचणकर उभे राहिले होते. एकोणीस वर्षांत त्यांनी फक्त प्रश्न विचारले होते, आणि आता विचारण्यासारखा एकही प्रश्न उरला नव्हता.

“तक्रार नाही करायची मला,” राजश्रीबाई म्हणाल्या. “नंबर बदलला असेल तर नवीन छापा, एवढंच सांगायला आले. लोक हेच कार्ड देव्हाऱ्यात जपून ठेवतात.”

त्या गेल्यावर नाचणकरांनी कपाट उघडलं आणि जुनी रजिस्टरं खाली काढली. तांबे या नावाच्या बावीस नोंदी सापडल्या. काशीराम त्यात नव्हता. पण बाविसावी नोंद अशी होती : ‘प्रेमला काशीराम तांबे, सिव्हिल ते लांजा तालुका, बौद्धवाडी, दुपारी २.१०. गाडी वर रस्त्यावर. पाखाडी ६२ पायऱ्या.’ तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

“बासष्ट,” बाबल्या खांद्यावरून वाचत म्हणाला. “आठवली. मीच खांदा दिलेला. माणसं कमी होती.”

नाचणकरांनी पोस्टकार्ड काढलं. ‘सविनय कळविण्यात येते की, आपल्या नावे आमच्या कचेरीत वसुलीचे फोन येतात. सदर दूरध्वनी अंत्यसेवेचा असल्याने आपण कृपया दुसरा क्रमांक द्यावा. आपण हयात असल्यास तसे कळवावे.’ शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांना ते बरोबर वाटेना. पण ते खोटं नव्हतं, म्हणून त्यांनी खोडलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला एक माणूस दाराशी येऊन उभा राहिला. अठ्ठावन्न-साठीचा असेल. शर्ट इस्त्रीचा होता, आणि हाताची बोटं काजूच्या चिकाने काळी पडली होती. किती धुतली तरी न जाणारा तो रंग होता. हातात पोस्टकार्ड होतं.

“मी हाय,” तो म्हणाला. “हयात.”

“तांबे?”

“काशीराम.”

“बसा.”

ते बाकाच्या अगदी कडेला बसले. “मागच्या टायमाला पण हितंच बसलो होतो. पावती घ्यायला आलो तवा.”

नाचणकरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. या माणसाला काय काय बोलायचं ते त्यांनी चार दिवस मनात रचलं होतं. त्यात भाट्याचा टेम्पो होता, बर्फाचं पाणी होतं. ते सगळं आता जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच राहिलं.

“माजी चूक हाय,” काशीराम म्हणाले. “तिच्या दवाखान्याला शेजाऱ्यांकडून घेतलं होतं. ती गेल्यावर तोंड दाखवायला लाज वाटायची. म्हणून भाच्यानं मोबाईलवरून कर्ज काढून दिलान. शेजाऱ्यांचं फिटलं. ह्यांचे पण सहा भरले मी, येळच्या येळेला. मग काजूचं काम बंद पडलं. भाचा मोबाईल घेऊन मुंबईला गेला, तो आता ह्यांचे फोन उचलत नाय.”

“ते असू दे. आमचा नंबर का दिलात?”

काशीराम पोस्टकार्डाची कड नखाने सरळ करत राहिले.

“फॉर्ममधी एक खाना होता. तुमच्याशिवाय आणखी एका माणसाचा नंबर द्या, म्हणे. फोन उचलणाऱ्या माणसाचा. भाचा बोलला, मामा, सांग कोणाचा घालू.” त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं. “ती गेली त्या दुपारी मी सात जणांना फोन केला. दोन भाऊ, मेव्हणा, हा भाचा. कोण ड्युटीवर, कोण गाडीत. कोणीच उचललान नाय. दोष नाय देत मी, पोटापाण्याला लागलेली माणसं. मग नर्सबाईनं भिंतीवरचा तुमचा नंबर दाखवलान. तुमी लगेच उचललात. पाखाडी किती पायऱ्यांची विचारलंत. मी मनातल्या मनात मोजून सांगितल्या.” त्यांनी मान वर केली. “तुमची पावती होती खिशात. तिच्यावर होता नंबर. म्हटलं, हा घाल.”

बाबल्या दारातून उठला आणि गाडीकडे गेला. गाडीला त्या वेळी काहीही झालेलं नव्हतं.

नाचणकरांनी टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. दोघांनीही फोनकडे पाहिलं. दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत नाचणकरांनी तो उचलला.

“सर, योगिनी बोलतेय. आज माझ्याकडे शेवटचा दिवस आहे त्या फाईलचा. संध्याकाळी ती दुसऱ्या एजन्सीकडे जाते.”

“बरं.”

“बरं नाही, सर. ते माझ्यासारखे बोलत नाहीत. त्यांचं मशीन असतं. दिवसाला साठ-सत्तर फोन आपोआप लागतात, कोणी उचलला की लगेच पुढचा. तुमच्यासारख्या फोनचं काय होईल?” तिने आवाज खाली आणला. “मी शेवटचं विचारते. काशीराम तांबे आहेत का?”

रिसीव्हर जुना होता, त्यातलं बोलणं बाकापर्यंत जाई. काशीराम उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. “द्या हिकडे,” ते हळूच म्हणाले. “मी बोलतो. किती लपायचं.”

नाचणकरांनी त्या काळ्या बोटांकडे पाहिलं. मग रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला, म्हणजे तो काशीरामांच्या हातापासून दूर गेला.

“वारले,” ते म्हणाले.

पलीकडचे वीसपंचवीस आवाज तेवढे ऐकू येत राहिले.

“कधी, सर?”

नाचणकरांनी घड्याळ पाहिलं. “सव्वाचारला.”

“म्हणजे आज?”

“आत्ताच.”

“अरे देवा,” योगिनी म्हणाली, आणि मग तिला शिकवलेलं वाक्य तिने शिकवल्यासारखं न म्हणता म्हटलं, “त्यांच्या घरच्यांना सांगा, आम्हाला वाईट वाटतंय. पावतीचा फोटो मात्र सहाच्या आत लागेल.” तिने नंबर दिला. नाचणकरांनी तो लिहून घेतला आणि फोन जागेवर ठेवला. तो नीट बसलाय की नाही हे त्यांनी दोनदा पाहिलं.

काशीराम उभेच होते.

“हे काय केलंत तुमी?”

“बसा.” नाचणकरांनी ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला आणि हिरव्या शाईचं पेन उघडलं. पहिल्या अक्षराच्या आधी पेन कागदाच्या वर बराच वेळ तरंगत राहिलं. मग त्यांनी लिहायला घेतलं. नाव त्यांना माहीत होतं.

“वय?”

“अठ्ठावन्न. अहो, पन मला पैसे बुडवायचे नायत.”

“कोण बुडवा म्हणतंय? काम सुरू झालं की महिन्याला जमतील तसे घेऊन या. कुठल्या पत्त्यावर भरायचे ते मी शोधून काढतो. वारसाने भरले म्हणून भरू.”

“वारस कोण?”

“तुम्हीच. दुसरं कोण आहे?” नाचणकरांनी मान वर न करता विचारलं. “पत्ता तोच ना?”

“तोच.”

“पाखाडी?”

“पाच पायऱ्या ढासळल्या मागच्या पावसात. सत्तावन धरा.”

नाचणकरांनी सत्तावन्न लिहिलं. रकमेच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली, खाली सही केली, शिक्का मारला. शिक्का नेहमीसारखाच उठला. त्याला काही कळायचं कारण नव्हतं. बाबल्याला हाक मारून त्यांनी त्याच्या मोबाईलवर फोटो काढायला सांगितलं. बाबल्याने पावती वाचली, बाकावरच्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा पावती वाचली. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. फोटो काढून त्याने तो पाठवला. मिनिटाभराने मोबाईल टुणकन वाजला.

“हात जोडलेले आले,” बाबल्या म्हणाला.

“बरं.” नाचणकरांनी पावती परत मागून घेतली. पट्टी काढली. मूळ पावतीवर आणि खालच्या स्थळप्रतीवर, दोन्हींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि रेघेवर ठळक अक्षरात ‘रद्द’ असं लिहिलं. खाली पुन्हा सही, पुन्हा तारीख. मग मूळ पावती काशीरामांना न देता त्यांनी ती पुस्तकातच टाचली. एकोणीस वर्षांत रद्द झालेली ही चौथी पावती. आधीच्या तीन अक्षर बिघडल्यामुळे रद्द केल्या होत्या. हिशेब तपासणाऱ्याने विचारलं तर काय सांगायचं, ते त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं.

काशीराम टाचलेल्या कागदाकडे पुढे वाकून बघत होते.

“म्हंजे आता मी?”

“आहात.”

फोन वाजला. या खेपेला तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. नाचणकरांनी उचलला. त्यांनी ऐकलं, दोन प्रश्न विचारले, रजिस्टरात चार ओळी लिहिल्या. “निघतोय,” ते म्हणाले. चिठ्ठी हातात पडायच्या आधीच बाबल्याने किल्ली घेतली होती. गाडी फाटकातून बाहेर पडून चढावाला लागली, तिचा आवाज हळूहळू कमी होत गेला आणि कचेरी शांत झाली.

फोन बराच वेळ वाजला नाही. एकदा काशीरामांनी डोळे पुसले, आणि एकदा नाचणकरांनी चष्मा. शेवटी नाचणकर उठले, खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि समोरच्या टपरीकडे बघून त्यांनी दोन बोटं वर केली.

“अहो,” मागून काशीराम संकोचून म्हणाले, “माज्यात साखर नको सांगा. शुगर हाय मला. डॉक्टरनं जिवाला जपायला सांगितलान.”